ऑफिससाठी प्लॉटर घेताय? आधी शाई बघा, मग इंच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत विश्रामबागेला दोघा आर्किटेक्टांचं ऑफिस, हाताखाली दोन ड्राफ्ट्समन. महिन्याला सव्वाशे ते दीडशे ए1 शीटं (जवळजवळ दोन फूट बाय पावणेतीन फूट) बाहेरून काढून आणावी लागतात, त्यात रंगीत प्रेझेंटेशनची दहा-बारा असतात. दर वेळी कुणीतरी पेनड्राइव्ह घेऊन जायचं, नंबर लागेपर्यंत थांबायचं, परत येऊन बघावं तर एखादं डायमेन्शन चुकलेलं, की पुन्हा खेप. म्हणून स्वतःचं प्लॉटर मशीन, म्हणजे मोठ्या कागदावर ड्रॉइंग छापणारा प्रिंटर, घ्यायचं ठरवलंत. समोर तीन पर्याय आहेत (इंच म्हणजे त्यात बसणाऱ्या कागदाच्या रोलची रुंदी): नवं 24 इंची, नवं 36 इंची, किंवा पुण्याहून मिळणारं जुनं 42 इंची, ज्याबद्दल विकणारा म्हणतो की ते ड्रॉइंगही काढतं आणि फोटोही.

मी सांगलीत सत्तावीस वर्षं ड्रॉइंगं छापून द्यायचंच काम करतोय. ड्रॉइंगच्या कॉपी काढायच्या अमोनियाच्या मशीनवर हात बसला, मग पेनचा प्लॉटर आला, मग इंकजेट, मग टोनरचं मोठं मशीन. तुम्ही स्वतःचं घेतलंत की माझ्यासारख्याचं एक गिऱ्हाईक कमी होतं, हे आधीच सांगून टाकतो. तरी तुमचे आकडे बघून माझं मत स्वच्छ आहे. नवं 24 इंची घ्या, आणि काळ्यासकट सगळ्या रंगांची शाई पिगमेंटची (पाण्यात सहज न सुटणारी) असेल असंच घ्या. क्लायंटच्या भिंतीवर जायची शेवटची प्रेझेंटेशन शीटं बाहेरच काढत राहा. 36 इंची तुम्हाला आज नको. जुनं 42 इंची तर कुणी फुकट दिलं तरी आणू नका.

आता कारणं. लोक इंचापासून सुरुवात करतात, मी शाईपासून करतो, आणि ते मला 2019 च्या पुरानं शिकवलं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. पाणी उतरल्यावर पुढचे दोन-तीन महिने माझ्याकडे माणसं भिजलेली ड्रॉइंगं घेऊन येत होती. कुणी पिशवीत गुंडाळलेली, कुणी कपाटात चिखलात सापडलेली. "याची कॉपी निघेल का हो?" एवढाच प्रश्न. मी ती गच्चीवर वर्तमानपत्रांच्या थरांत ठेवून वाळवली. शेकडो शीटं हाताखालून गेली, आणि कुठली शाई काय सोसते हे तेव्हा डोळ्यांनी बघितलं.

ऐंशीच्या दशकातले अमोनिया प्रिंट होते. उजेडानं आधीच पिवळट पडलेले, रेघा फिकट जांभळ्या, पण वाचता येत होत्या. टोनरची शीटं चिखल पुसला की जवळजवळ जशीच्या तशी. वाईट अवस्था होती ती अलीकडच्या रंगीत ड्रॉइंगांची. एका बंगल्याचे मालक त्यांच्या ड्रेनेजचं शीट घेऊन आले होते. आवारातल्या चेंबरांत गाळ बसलेला, वरून नवी फरशी झालेली, त्यामुळे लाइन कुठून गेली आहे हे त्या कागदावरूनच कळणार होतं. भिंतींच्या काळ्या रेघा शाबूत होत्या. लाल रंगातली ड्रेनेजची लाइन आणि निळ्यातली पाण्याची लाइन मिळून एक जांभळट डाग झाला होता. त्यांना फरशी तीन ठिकाणी फोडावी लागली. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका ऑफिसचा गठ्ठा आला. कागद पापडासारखा झालेला, कडा गेलेल्या, पण लाल लाल होतं आणि निळं निळं. ती शीटं पिगमेंट शाईच्या मशीनवर निघाली होती.

दोन शायांतला फरक एवढाच. डाय शाईत रंग द्रवात विरघळलेला असतो आणि कागदाच्या तंतूंत मुरतो, त्यामुळे पुन्हा पाणी लागलं की तो पुन्हा सुटतो. पिगमेंटमध्ये रंगाचे अतिशय बारीक कण द्रवात तरंगत असतात, द्रव सुकला की कण कागदावर धरून बसतात. ते पाण्यात सहज सुटत नाहीत आणि उन्हातही डायपेक्षा पुष्कळ जास्त टिकतात. डायचे रंग जास्त चमकदार दिसतात, विशेषतः ग्लॉसी कागदावर. म्हणून शोरूममधल्या नमुन्यात डायचं मशीन बाजी मारतं आणि साइटवर मार खातं.

पूर रोज येत नाही, हे खरं. पण साइट रोज ओली असते. स्लॅबला पाणी मारत असतात, बारबेंडर ओल्या हातानं शीट उलटतो, सुपरवायझर ते गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात टाकून जेवायला जातो. मंजुरीच्या नकाशातही रंगाला अर्थ आहे. प्रस्तावित काम लाल, पाडायचं काम पिवळ्या रेघांत, अस्तित्वातला रस्ता हिरवा, प्लॉटची हद्द जाड काळी. 2020 च्या डिसेंबरात राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, मंजुरी ऑनलाइन होत चालली, तरी सही-शिक्क्याची साइट कॉपी, बँकेची कॉपी, ठेकेदाराची कॉपी कागदावरच राहते. त्या कागदावरचं लाल पाच वर्षांनी गुलाबी दिसलं तर ते नुसतं दिसण्यापुरतं राहत नाही.

तेव्हा दुकानात गेलात की पहिला प्रश्न हा विचारा: काळी पिगमेंट आहे हे कळलं, पण रंगीत शाया कुठल्या? एचपीच्या डिझाइनजेट टी250 आणि टी650 मध्ये काळी पिगमेंट आहे आणि सायन, मॅजेंटा, यलो डायच्या. कॅननच्या इमेजप्रोग्राफ टीए-20 आणि टीएम-200 मध्ये पाचही शाया पिगमेंटच्या. एप्सनच्या शुअरकलर टी3130 मध्ये चारही पिगमेंटच्या. ही सगळी 24 इंची मशीनं आहेत आणि सगळी कामाची आहेत. फक्त काळ्या रेघांचंच काम असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला मी एचपी बिनदिक्कत घ्यायला सांगतो, कारण काळी शाई त्यातही पक्की आहे आणि मशीन चालवायला सोपं आहे. तुमच्याकडे प्लंबिंग, इलेक्ट्रिकल आणि मंजुरीचे रंगीत नकाशे आहेत, म्हणून तुमच्यासाठी पहिल्या दोन जागा कॅनन आणि एप्सनच्या. दोघांत निवडताना माझा कल कुठे असेल, ते पुढे हेडच्या, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागाच्या, मुद्द्यावर सांगतो.

दुसरी गोष्ट, जिच्यावर मशीन जगतं किंवा मरतं: मोकळं बसणं. इंकजेट मशीन वापरानं जेवढं झिजतं त्याहून जास्त न वापरल्यानं खराब होतं. हेडला हजारो बारीक छिद्रं असतात. काम नसताना ते हेड कोपऱ्यात जाऊन रबराच्या टोपीवर बसतं, म्हणजे शाई सुकत नाही. मशीन स्टँडबायवर असेल तर अधूनमधून ते स्वतः थोडी शाई काढून छिद्रं साफ करतं. आपल्याकडे संध्याकाळी ऑफिस बंद करताना भिंतीवरचा मेन स्विच खाली करायची सवय असते. तिथेच घात होतो. रोज मेननं बंद केलेल्या मशीनला सकाळी उठल्या उठल्या मोठी साफसफाई करावी लागते, त्यात शाई वाया जाते, आणि छपाईच्या मध्येच वीज गेली असेल तर हेड टोपीबाहेर उघडं राहून सुकतं. मशीनच्या पॅनलवरचं बटण वापरा किंवा स्टँडबायवर राहू द्या. ती वीज किरकोळ असते.

छोटं इंकजेट प्लॉटर चालतानासुद्धा शंभर वॅटच्या आतच वीज घेतं, त्यामुळे कॉम्प्युटरच्या साध्या यूपीएसवर ते आरामात चालतं. यूपीएस लावाच. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस झाला की वीज कशी जाते-येते ते तुम्हाला सांगायला नको. मशीन बसवायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. माझे दोन मेन बोर्ड अर्थिंगपायीच गेले आहेत, आणि बोर्डाची किंमत ऐकल्यावर अर्थिंगचा खड्डा फार स्वस्त वाटला. गणपतीत किंवा दिवाळीत ऑफिस आठवडाभर बंद असेल तर जवळ राहणाऱ्या कुणाला तरी मध्ये एकदा येऊन सगळ्या रंगांची एक पट्टी काढायला सांगा. चार बोटं रुंदीची पट्टी पुरते.

म्हणूनच मी आधी तुमची शीटं मोजायला लावली. दिवसाला पाच-सहा शीटं निघत असतील तर मशीन चालतं राहतं. महिन्याला तीस-चाळीसच शीटं असती तर मशीन घेऊच नका म्हटलं असतं, मग ते कितीही स्वस्त असो.

आता हेड. थर्मल पद्धतीत छिद्रामागची शाई क्षणभर तापवून थेंब उडवतात. कॅनन आणि एचपी त्या पद्धतीची आहेत. असं हेड म्हणजे झिजणारा भाग. टीएम-200 मध्ये ते आपण स्वतः बदलू शकतो. एप्सनची पिझो पद्धत: विजेनं हलणारा सूक्ष्म पडदा थेंब ढकलतो, उष्णता लागत नाही, हेड खूप वर्षं टिकतं. पण ते खराब झालंच तर इंजिनिअर बोलवावा लागतो आणि खर्च मोठा असतो. आपल्याकडे इंजिनिअर बहुधा कोल्हापूरहून नाहीतर पुण्याहून येतो. दोन दिवस मशीन बंद राहिलं तर चालेल का, यावर तुमचं उत्तर ठरेल. काम अंगावर असताना हेड स्वतः काढून नवं बसवता येणं मला मोलाचं वाटतं, म्हणून मी असतो तर कॅननकडे झुकलो असतो. ज्याची सर्व्हिस तुमच्या डीलरकडे नीट आहे ते घ्या, हा मुद्दा मात्र या सगळ्याच्या वर. डीलरला लेखी विचारा: वॉरंटी जागेवर येऊन आहे का, हेड त्यात धरलंय का, साफसफाईची वाया गेलेली शाई जमा होते ती पेटी आपण बदलू शकतो की त्यासाठीही माणूस येणार.

इंचांचं गणित सोपं आहे, पण बरेच जण ते करत नाहीत. ए1 म्हणजे 594 गुणिले 841 मिलिमीटर. 24 इंची रोल 610 मिलिमीटरचा. ए1 त्यात उभं बसतं, दोन्ही बाजूंना आठ-आठ मिलिमीटर उरतात, आणि शीटमागे 841 मिलिमीटर कागद जातो. 50 मीटरच्या रोलमध्ये साधारण 59 शीटं. 36 इंची रोल 914 मिलिमीटरचा. त्यात ए1 आडवं बसतं, शीटमागे 594 मिलिमीटरच लांबी जाते, रोलमध्ये 84 शीटं निघतात आणि वेळही कमी लागतो. पण बाजूला 73 मिलिमीटरची पट्टी उरते, जी मशीनची सुरी कापत नाही, कारण ती फक्त आडवी कापते. ती पट्टी तुमचा ड्राफ्ट्समन पट्टी-कटरनं कापत बसणार. क्षेत्रफळ काढलंत तर शीटमागे कागदही सहा टक्के जास्तच जातो.

मग 36 इंची कधी लागतं? पाच एकरांचा लेआउट, चौकोनी धरला तर एक बाजू सुमारे 142 मीटर. 1:500 ला तो 28 सेंटिमीटरचा होतो, 24 इंचीत आरामात मावतो. तोच 1:200 ला 71 सेंटिमीटर होतो आणि मावत नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत 60 बाय 100 मीटरची शेड 1:100 ला काढायची तर 60 सेंटिमीटर आणि एक मीटर, म्हणजे टायटल ब्लॉकला जागाच नाही, ए0 च लागतो. तुमची गेल्या सहा महिन्यांची फाइल उघडा आणि ए0 शीटं मोजा. महिन्याला पंधरा-वीसच्या वर असतील तर 36 इंचीचा विचार करा, नाहीतर तेवढी बाहेर काढा. एक गोष्ट लोकांच्या लक्षात राहत नाही: रोलच्या मशीनला रुंदीची मर्यादा असते, लांबीची फारशी नसते. रस्त्याकडेच्या दहा दुकानांचं सलग एलेव्हेशन 24 इंचीवर दोन मीटर लांब निघतं, आणि समोर अंथरलं की क्लायंटला ते ए0 पेक्षा जास्त पटतं.

रंगीत प्रेझेंटेशनबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या जागी जातात. चार-पाच शायांच्या मशीनवर रेंडर (कॉम्प्युटरवर केलेलं इमारतीचं चित्र) छान निघतो, पण एक रंग त्याला जमत नाही: करडा. उघडं काँक्रीट, कोटा फरशी, ढगाळ आकाश, ॲल्युमिनियमची खिडकी, हे सगळं करडं. त्या मशीनमध्ये करडी शाई नसते, म्हणून सायन, मॅजेंटा, यलो आणि काळी मिसळून करडा रंग बनतो. त्यात एक रंग किंचित जास्त झाला की काँक्रीट गुलाबी नाहीतर हिरवट दिसतं. ट्यूबलाइटखाली ठीक वाटलेलं शीट खिडकीपाशी नेलं की बदलतं. फोटो आणि ग्राफिकच्या मोठ्या मशीनांत वेगळ्या करड्या शाया असतात, काहींत एकूण बारा शाया असतात, म्हणून तिथे करडा रंग करडाच राहतो. तसं मशीन महिन्याच्या दहा शीटांसाठी घेणं म्हणजे बारा शाया सुकत ठेवणं. त्या दहांपैकी क्लायंटसमोर शेवटी मांडायची तीन-चार असतील. ती बाहेर चांगल्या मशीनवर, चांगल्या कागदावर काढा. मधल्या चर्चेची सहा-सात तुमच्याच मशीनवर 120 जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, जास्त तेवढा कागद भरीव) कोटेड मॅट, म्हणजे लेप दिलेल्या पण न चकाकणाऱ्या, कागदावर काढा, ती दिसायला पुरेशी चांगली असतात.

ग्लॉसीचा मोह टाळा. पिगमेंटच्या बऱ्याच ड्रॉइंग मशीनांतली मुख्य काळी शाई मॅट कागदासाठी केलेली असते, ग्लॉसीवर ती नीट धरत नाही, बोट फिरवलं की पुसते. शिवाय ग्लॉसी शीट दिव्याखाली चकाकतं आणि टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला आपल्या रेंडरऐवजी ट्यूबलाइट दिसते. 180 जीएसएमचा मॅट कागद हाताला भरीव लागतो, त्यावर काम करा. प्रदर्शनाचे किंवा साइटवर लावायचे मोठे फलक मात्र फ्लेक्सवाल्याकडून सनबोर्डवर करून घ्या, सांगलीत त्यांची वाण नाही. बारीक अक्षर तिथे फुटतं, म्हणून फलकावर डायमेन्शनं घालू नका.

रेंडर खराब निघाला की दोष मशीनवर जातो, आणि बहुतेक वेळा चूक फाइलची असते. 1920 गुणिले 1080 पिक्सेलचा रेंडर ए1 वर ताणला की इंचाला 58 पिक्सेल उरतात. झाडं चिखलासारखी दिसणारच. ए1 ला इंचाला 150 पिक्सेल पुरतात, म्हणजे साधारण 3500 गुणिले 5000 पिक्सेलचा रेंडर काढा. 300 च्या मागे लागू नका, फाइल चौपट होते आणि दोन हात अंतरावरून फरक कळत नाही. अक्षरं आणि रेघा मात्र जेपीईजीमध्ये कधीच नकोत. शीट पीडीएफ म्हणूनच द्या, म्हणजे अक्षराची धार राहते. आणि फाइल फोटोशॉपमध्ये सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत) बदलून देऊ नका. या मशीनांचे ड्रायव्हर (कॉम्प्युटरवरून मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) आरजीबी, म्हणजे पडद्यावरची रंगपद्धत, धरून चालतात, आधीच बदललेल्या फाइलमधली हिरवळ आणि आकाश मरगळलेलं निघतं.

ड्रायव्हरमध्ये कागदाचा जो प्रकार निवडता तोच कागद मशीनमध्ये असला पाहिजे. साधा 80 जीएसएम बॉण्ड कागद लावून ड्रायव्हरला कोटेड सांगितलं तर मशीन जास्त शाई सोडतं, कागद फुगतो, आणि लाटेचा उंचवटा हेडला घासतो. पावसाळ्यात हा त्रास दुप्पट. आषाढ-श्रावणात उघडा राहिलेला रोल हवेतला ओलावा पितो आणि फक्त रेघांच्या शीटवरही सुरकुत्या येतात. रात्री रोल काढून त्याच्या मूळ प्लॅस्टिक पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, जमिनीपासून वर ठेवा. चार मिनिटांचं काम आहे. माझ्याकडे ते रोज होतं. साताऱ्याचे माझे एक ओळखीचे प्लॉटिंगवाले आहेत, त्यांच्याकडे पाऊस आपल्याहून फार जास्त, त्यांनी रोलसाठी बल्ब लावलेलं लाकडी कपाट करून घेतलंय. चांगली युक्ती आहे, फक्त बल्ब रोलपासून लांब आणि जाळीआड हवा.

ब्रोशरमधला वेग मनावर घेऊ नका. "25-30 सेकंदांत ए1" हे साध्या कागदावर, इकॉनॉमी मोडमध्ये, फक्त रेघांचं. नेहमीच्या मोडला एक-दीड मिनिट आणि पूर्ण रंगाच्या शीटला चांगल्या मोडमध्ये चार-पाच मिनिटं धरा. तसंच "0.02 मिलिमीटरची रेघ" हा आकडाही विसरा. आपल्या कामाच्या रेघा 0.13, 0.18, 0.25, 0.35, 0.5 याच आहेत. जुन्या शाईच्या पेनांची मापं ती. त्यांत एक सुंदर हिशोब आहे, नव्या मुलांना तो कुणी सांगत नाही. प्रत्येक माप आधीच्यापेक्षा सुमारे 1.4 पट. ए2 चं ए1 करतानाही बाजू तेवढ्याच पटीनं वाढते. म्हणून ए1 ड्रॉइंग ए2 वर लहान केलं की 0.35 ची रेघ बरोबर 0.25 ची होते आणि शीटचा तोल बिघडत नाही. कुठल्या रंगाची रेघ किती जाड छापायची हे सांगणाऱ्या तुमच्या प्लॉट स्टाइलच्या सीटीबी फाइलमध्ये ही मापं एकदा नीट बसवा आणि दोन्ही ड्राफ्ट्समनच्या कॉम्प्युटरवर तीच फाइल ठेवा. निम्मी शीटं "प्रिंटर फिका काढतोय" म्हणून परत येतात, आणि उघडून बघावं तर डायमेन्शनची लेअर शून्य जाडीवर असते.

पीडीएफवरून काढताना "फिट" नको, खऱ्या मापालाच काढा. फिटमध्ये शीट दोन-तीन टक्के आकसतं आणि 1:100 हे 1:100 राहत नाही. टायटल ब्लॉकशेजारी 100 मिलिमीटरची एक पट्टी कायम ठेवा, शीट निघाल्यावर तिच्यावर स्टीलची पट्टी लावून बघा. नवा रोल वेगळ्या जातीचा असेल तर मशीनचं कागद सरकवण्याचं कॅलिब्रेशनही परत करा.

जुन्या 42 इंचीवर मी एवढा ठाम का, तेही सांगतो. मी असं एक मशीन घेतलं होतं. विकणाऱ्यानं माझ्यासमोर सुंदर शीट काढून दाखवलं. सांगलीत आणल्यावर पाचव्या महिन्यात हेडला ओढणारा पट्टा तुटला. तो रबराचा असतो, मशीन चालो न चालो, वयानं कुजतो, आणि त्याचा भुगा हेडला जागा दाखवणाऱ्या आतल्या एन्कोडर पट्टीवर बसून हेड भलतीकडेच छापायला लागतं. पट्टा मिळाला, मग शाईच्या नळ्या कडक झालेल्या निघाल्या, मग त्या मॉडेलची हेडं बाजारात मुदत संपलेलीच मिळायला लागली. वर्षभरात नव्या 24 इंचीच्या किमतीच्या जवळ पैसे गेले आणि मशीन भंगारात दिलं. जुनं मशीन घ्यावं ते दुरुस्ती स्वतः करणाऱ्यानं. तुमचं काम इमारती उभ्या करायचं आहे.

खर्चाचा हिशोब करताना मशीनची किंमत शेवटी बघा. नव्या मशीनबरोबर येणाऱ्या शाया बऱ्याचदा अर्धवट भरलेल्या असतात, आणि वर सांगितलेल्या 24 इंची मशीनांत कार्ट्रिजची मापं 26 मिलिलिटरपासून 130 मिलिलिटरपर्यंत आहेत. म्हणून कार्ट्रिजची किंमत विचारून भागणार नाही, मिलिलिटरचा भाव काढा. माझ्या अनुभवात रेघांचं ए1 एक मिलिलिटरच्याही आत शाई घेतं आणि कडेपर्यंत रंगानं भरलेलं ए1 चार ते सहा. तुमची 140 शीटं रेघांची आणि सात रंगाची धरली तर महिन्याला फार तर 180 मिलिलिटरांत भागतं, त्यात साफसफाईची शाई वेगळी धरा. त्यात रोलचा भाव मिळवा, मशीनची किंमत साठ महिन्यांवर वाटा, आणि आज बाहेर देता त्या बिलाशेजारी मांडा. ड्राफ्ट्समनच्या खेपांचे तास विसरू नका. स्वस्त लोकल शाईच्या नादी लागाल तर पिगमेंटचं मशीन घेण्याचा अर्थच उरत नाही, कारण बाटलीत डाय आहे की पिगमेंट हे लेबलावरून कळत नाही. ते पाच वर्षांनी कळतं.

स्कॅनर जोडलेलं मशीन घ्यावं का, हेही तुम्ही विचारलंत. नको. जुन्या ट्रेसिंगची आणि सिटी सर्व्हेच्या नकाशांची स्कॅनिंगं महिन्यात दोन-चार असतात. जीर्ण ट्रेसिंग रोलरमधून ओढलं की फाटतं, त्याला पारदर्शक पाकिटात घालून हळू काढावं लागतं. ते काम सवय असलेल्याकडे द्या.

मशीन वरच्या मजल्यावर बसवा. विश्रामबागेत पुराची भीती नदीकाठच्या गावभागाएवढी नाही, तरी सवय म्हणून. 2019 ला माझं टोनरचं मशीन तळमजल्यावरच बुडालं, ते हलवायला माणसं आणि जिना दोन्ही अपुरे होते. त्याच्या शेजारी ठेवलेलं माझं 24 इंची दोघांनी स्टँडवरून उचलून रात्री दोन वाजता वर नेलं. पुढे वर्षभर दुकान त्याच्यावर चाललं.

डेमोला जाताना त्यांचा नमुना बघू नका, तुमच्या तीन फाइल पेनड्राइव्हवर न्या: रंगीत सर्व्हिस लाइन असलेलं एक वर्किंग ड्रॉइंग, एक मंजुरीचा नकाशा, आणि ज्यात उघडं काँक्रीट आहे असा एक रेंडर. साध्या बॉण्डवर नेहमीच्या मोडमध्ये काढून मागा. 100 मिलिमीटरची पट्टी मोजा. रेंडर घेऊन दुकानाबाहेर उन्हात या आणि काँक्रीटचा रंग बघा. वर्किंग ड्रॉइंग घरी आणून एक दिवस सुकू द्या, मग त्याचा एक कोपरा दहा मिनिटं पाण्याच्या बादलीत बुडवा आणि लाल-निळ्या रेघांवरून अंगठा फिरवा. दोन डीलरकडची शीटं असतील तर दोन्ही एकाच बादलीत घाला. नंतर तीच शीटं घेऊन दुकानात या, कुठलं घ्यायचं ते आपण समोर ठेवून ठरवू.